गायरान पडीक नव्हतं, बाळू

बाळू,

परभणीत तुझी शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत तुझ्या बायकोशेजारी, सुनंदाशेजारी बसले होते. तुझा टाय लावलेला फोटो त्यांनी निवडला आणि त्याला एवढा जाड हार घातला की हनुवटीखाली तू दिसतच नव्हतास. सात जण बोलले. सातही जणांनी 'शाश्वत' हा शब्द वापरला, एकानं तर पाणी प्यायला थांबेपर्यंत चार वेळा. मी तुझी मोठी बहीण आहेच, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढलेली मास्तरीणही आहे. एकाच्या वहीत बघून सगळ्यांनी लिहिलेला निबंध मला दुरून ओळखू येतो.

"डॉक्टरसाहेबांचे पाय शेवटपर्यंत मातीत होते," असं एक जण म्हणाला. तुझे पाय! गेल्या दिवाळीत माझ्या गोठ्याच्या दारात उभं राहून तू नाकाला रुमाल लावला होतास. आत ये म्हटलं तर म्हणालास, बूट नवीन आहेत. कोरडवाहू भागातली कुरणं आणि जनावरं यांतला एवढा मोठा जाणकार, आणि माझी लाल कंधारी गाय नुसती हंबरली तर दोन पावलं मागं सरकलास. ते आठवून मला भर सभेत हसू आलं, म्हणून पदर तोंडाला लावला. मागच्या बायकांना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शेवटी मला म्हणाले, बहीण म्हणून दोन शब्द बोला. मी उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. खरं बोलायची ती जागा नव्हती, आणि खोटं बोलायला तिथं सात जण होते.

रडू मला गावी आल्यावर आलं, गाईला पेंड ठेवताना. पाटी हातात तशीच राहिली आणि मी गव्हाणीपाशी खाली बसले. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. एवढं सांगून पुन्हा मुद्द्यावर येते, कारण तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मुद्दा आपल्या गायरानाचा आहे. शोकसभेनंतर चारच दिवसांनी स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा होती. त्या सभेत गावाचं गायरान सोलारच्या प्लेटा बसवायला एका कंपनीला द्यायचा ठराव यायचा होता. एकदा तारेचं कुंपण पडलं की आत जनावर जाणार नाही. नुसत्या शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाया गावात आहेत, दोन-दोन गाईंची घरं आहेत. त्यांनी जनावरं कुठं न्यायची, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि कंपनीच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद कोणता होता? तुझा रिपोर्ट. 'सदर जमीन पडीक असून चराईस अयोग्य आहे.' खाली तुझी सही, वळणदार. ते वळण मी पाटीवर गिरवून घेतलेलं.

पडीक! बाळू, तू त्याच माळावर वाढलास. मी गाईंमागं हिंडायची आणि तू हिवराखाली पुस्तक घेऊन बसायचास हे मान्य, पण अधूनमधून मान तर वर करत असशील. माळाचे तीन वाटे असायचे. मृग लागला की त्यातला एक वाटा बंद व्हायचा. कडेच्या दगडांना चुना लावायचा, एवढीच ती बंदी. दर वर्षी वाटा बदलायचा, म्हणजे प्रत्येक वाट्याला तिसऱ्या वर्षी विसावा मिळायचा. दसऱ्याच्या सुमारास बंदी उठायची, पण तिचा दिवस पंचांगात नसायचा. गावातल्या चार म्हाताऱ्या बाया माळावर जायच्या, आपली आई त्यांतली एक. मारवेल गवताचं नाहीतर पवन्या गवताचं कणीस तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारायची. हातावर दाणा राहिला तर अजून थांबायचं. सगळं उडून गेलं, म्हणजे बी खाली पडलेलं आहे, सोडा जनावरं. मग गाईंच्या खुरांखाली ते बी मातीत दबायचं आणि वर शेण पडायचं. एका साली पाटलांचे बैल बंदीत शिरले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावादेखत पाटलांनी स्वतःच्या हातानं दगडांना चुना लावला होता. हे तू आणि मी शेजारी उभं राहून पाहिलंय.

तुला बोल लावताना एका गोष्टीपाशी माझी जीभ अडते, तीही सांगून टाकते. माझी दहावी झाली तेव्हा आप्पांनी शाळा बंद करायचं ठरवलं, गावातलंच स्थळ आलं होतं. तू अकरा वर्षांचा होतास. दोन दिवस जेवला नाहीस. "आक्का डी.एड. करंल तरच जेवतो," एवढंच बोलायचास आणि भिंतीकडं तोंड करून पडायचास. आईनं समजावलं, आप्पांनी एक ठेवून दिली, तरी हलला नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा हरले. लग्न गावातच झालं, पण डी.एड. झाल्यावर झालं. माझी नोकरी, चार माणसांत ताठ मानेनं बोलणं, हे सगळं त्या दोन दिवसांवर उभं आहे. अकराव्या वर्षी ज्याला एवढं दिसलं, त्याला पन्नाशी ओलांडल्यावर पायाखालचं गवत दिसू नये, याचा संताप म्हणूनच जास्त होतो.

मग तू शिकलास, नावापुढं डॉक्टर लागलं, आफ्रिकेला गेलास. केनियातल्या कोरड्या भागात दोन वर्षं राहिलास. तिथं पाऊस आपल्यापेक्षाही कमी आणि माणसं गुराढोरांवर जगणारी. परत आल्यावर माझ्या शाळेत फोटो दाखवायला आलास. पडद्यावर एक म्हातारी होती. गळ्यात मण्यांच्या माळा, हातात गवताची काडी. तू पोरांना सांगत होतास, ही आजी कितीतरी जातींचं गवत नावानिशी ओळखते. कुठला माळ कधी राखायचा आणि कधी सोडायचा, हे तिथली जुनी माणसं झाडाखाली बसून ठरवतात. आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे. मी तिच्यापाशी तीन तास बसलो होतो, असं म्हणालास, आणि खरोखर डोळे पुसलेस.

मी मागच्या बाकावरून म्हणाले, "बाळू, अरे हे तर आपली आई करायची."

"तसं नाही आक्का," तू म्हणालास. "तिकडं ती सिस्टिम आहे."

म्हणजे तिची ती सिस्टिम आणि आपल्या आईची ती सवय. पोरांसमोर तुझा पाणउतारा नको म्हणून मी गप्प बसले. मला त्या म्हातारीचा राग नाही. ती मला बघितल्याबरोबर ओळखीची वाटली होती. माझ्या गोठ्यात ती आली असती तर आधी तिनं गाईच्या पाठीवर हात ठेवला असता, मग माझ्याशी बोलली असती. तिला तू तीन तास दिलेस. मला मात्र आयुष्यात गवताबद्दल एक प्रश्न विचारला नाहीस. मी घरातली ना. माझ्यापर्यंत यायला विमान लागत नाही, नुसती झरीची एस.टी. लागते, मग मला काय कळणार?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तू देवगाव फाट्यावरून फोन केलास. "आक्का, तासाभरात पोचतो, सात जणांचा चहा टाक." मला वाटलं भेटायला येतोयस. पांढरी गाडी दारात थांबली आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली, डोक्यावर टोप्या घातलेली पोरंपोरी उतरली. कुठल्याशा संस्थेनं तुला काम दिलं होतं, गायरानाची पाहणी करून त्याची अवस्था लिहायचं.

मे महिन्यात! आपल्याकडं मे महिन्यात विहिरीत बेडूक राहत नाही, आणि तू गवत मोजायला आलास. त्या पोरांनी लाकडी चौकट जमिनीवर टाकली, आतलं गवत मोजलं, शून्य. उचलून दुसरीकडं टाकली, शून्य. एक मुलगी घाम पुसत कागदावर शून्यामागून शून्य लिहीत होती, तिची मला कीव आली. मी खुरपं आणलं, मारवेलचा एक वाळका ठोंब उकरला, नखानं साल काढली आणि तुझ्यासमोर धरला. आत पांढरं होतं, ओलसर.

"हे बग, जित्तं हाय. झोपलंय नुसतं. भादव्यात ये, तुला कमरंएवढं दावते."

"आक्का, मला जूनच्या आत रिपोर्ट द्यायचाय."

"मग गवतानं तुज्या जूनसाठी उगवावं व्हय?"

तुझी पोरं हसली. तू हसला नाहीस. त्यातल्याच एका पोरानं तुला विचारलं, "सर, ह्या दगडांना चुना कशाचा आहे?" तू न बघताच म्हणालास, "हद्दीचा असेल." हद्दीचा! मधली दहा-पंधरा वर्षं गावानं ती बंदी सोडून दिली होती. गाव काही धुतल्या तांदळासारखं नाही, कडेकडेनं चार जणांनी माळ नांगरून सोयाबीन पेरलं, बांधावर तणनाशक मारून मारून बांधाचंही गवत घालवलं. मी निवृत्त झाल्यावर पाच बायांना गोळा करून चुना पुन्हा सुरू केला. तू आलास ते आमचं दुसरं वर्ष होतं. हे सगळं मी तुला सांगणार होते, पण तू घड्याळ बघत होतास.

उन्हाळ्यात गायरान बघून ते मेलंय म्हणणं, ही चूक परमुलखातल्या माणसानं केली असती तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तू केलीस. लहानपणी मे महिन्यात तू त्याच माळावर विटीदांडू खेळायचास, कारण तेव्हा गवत नसतं आणि विटी लगेच सापडते. एवढं तुझ्या डोक्यात होतं, बाळू. ते परदेशात कुठं सांडून आलास कोण जाणे.

रिपोर्टाची एक प्रत तू मला पाठवलीस, जाड कागदाची, गुळगुळीत. पहिल्याच पानाला शिव्या द्याव्यात तर त्यावर तुझंच नाव. आत लिहिलं होतं, 'बाहेरून येणाऱ्या मेंढ्यांचा अनियंत्रित भार.' बाहेरून येणाऱ्या! ज्वारी निघाली की आप्पाच धनगरांना निरोप धाडायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. चार रात्री मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत रानात जिरायचं, आणि पुढच्या साली त्या पट्ट्यातली ज्वारी लांबून वेगळी दिसायची. त्यांच्या यायच्या-जायच्या वाटा ठरलेल्या, माळावर किती दिवस थांबायचं तेही ठरलेलं. केनियातल्या धनगरांबद्दल तू हेच सांगताना डोळे पुसत होतास. आपल्या धनगरांना तू भार म्हणालास.

आणि कव्हरवर शेवंताच्या शेळ्या. शेवंता माझ्या पाच बायांतली एक, जमिनीचा तुकडा नाही, सहा शेळ्यांवर दोन लेकरं मोठी केली. तिच्या शेळ्यांचा फोटो आणि खाली ओळ, 'अतिचराईचे परिणाम'. आपल्या शेळ्या पुस्तकावर आल्यात म्हणून ती धावतच बघायला आली.

"काय लिवलंय ओ बाई?" तिनं विचारलं. मी आहे तसं वाचून दाखवलं. तिनं फोटोतल्या एका शेळीवर बोट ठेवलं.

"ही तांबडी तवा गाभन व्हती," ती म्हणाली. "मागून दोन पिल्लं दिली तिनं. माळ मेलाय तर हिनं काय माती खाल्ली व्हय?"

तुझ्या सगळ्या पानांत याचं उत्तर नव्हतं. मी शोधलं.

भादव्यात मी तुला फोन केला, तू बैठकीत होतास. मग शेवंताच्या लेकीकडून फोटो काढून घेतला, कमरेएवढ्या गवतात मी उभी, मागं गाई, आणि तुला पाठवला. तू उत्तरादाखल मोबाइलवरचा तो पिवळा अंगठा धाडलास. त्या अंगठ्याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. आपली आईसुद्धा कागदावर अंगठाच द्यायची, पण कशावर देतेय ते आधी दोनदा विचारून घ्यायची.

यंदा कंपनीनं तुझा रिपोर्ट पुढं केला तेव्हा मी परभणीला तुझ्या घरी आले. मला फक्त दोन ओळी हव्या होत्या. पाहणी उन्हाळ्यात झाली होती, पावसाळ्यात पुन्हा पाहणी झाल्याशिवाय हा निष्कर्ष धरू नये. बस. मी मसुदाही करून आणला होता, तू फक्त सही करायची होतीस.

तू तो वाचलास आणि चष्मा काढून ठेवलास. "आक्का, मी सोलारसाठी लिहिलं नव्हतं. माझी शिफारस झाडं लावायची होती."

"ते कळायलंय मला. पन तुज्या कागदाचा वापर कशाला व्हायलाय ते बग की."

"एक रिपोर्ट मागं घेतला की लोक बाकीचे सगळे उकरतात. माझ्या नावाचा प्रश्न आहे."

"गावात तुला अजून बाळ्याच म्हनतेत. कोन्तं नाव जायलंय तुजं?"

"तू भावनेनं बोलतेस."

हे वाक्य मी नोकरीत साहेब लोकांकडून पुष्कळ ऐकलंय. ज्याच्याकडं उत्तर नसतं तो हेच म्हणतो. मी पिशवी उचलली. सुनंदा डबा घेऊन जिन्यापर्यंत धावत आली, "आक्का, दोन घास तरी खाऊन जा हो." मी थांबले नाही. तू सोफ्यावरून उठला नाहीस.

त्यानंतर आपण बोललो नाही. राखीला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. येईल झक मारत, मग बघू, असं मनात होतं. बावीस दिवसांनी सुनंदाचा फोन आला. बाजारातून भाजी घेऊन आलास, पाणी मागितलंस, आणि तिनं पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. कसली रे तुझी घाई! रिपोर्टाची घाई, जायची घाई. भांडण अर्धं टाकून गेलास. मी मनात बोलायला कितीतरी साठवलं होतं, त्यात शिव्याच जास्त होत्या, पण शेवटी एक वाक्य दुसरंही होतं. तेव्हा जिन्यात थांबायला हवं होतं मी. फार वाटतं.

आता ग्रामसभेचं सांगते. महादेवाच्या देवळापुढच्या मंडपात सभा भरली. तुझा तेरावा गावीच होऊन गेला होता, सुनंदा अजून गावातच होती, ती मागं बायकांत बसली होती. सुरुवातीलाच सरपंचांनी तुझ्यासाठी सगळ्यांना उभं केलं. दोन मिनिटं गाव डोक्यावरच्या टोप्या काढून उभं राहिलं. आणि सगळे खाली बसतात न बसतात तोच कंपनीचा माणूस उठला, इस्त्रीचा शर्ट, हातात तुझा रिपोर्ट. "स्वर्गीय डॉक्टरसाहेबांनी आपल्या जन्मभूमीचा सखोल अभ्यास करून हा निष्कर्ष काढलेला आहे," असं म्हणून त्यानं ती ओळ वाचली. मेलेल्या माणसाचा असा उपयोग करून घेणारी जात मी पहिल्यांदाच बघितली.

मी बसल्या जागेवरून म्हणाले, "आत्ता चला माळावर. गवत गुडघ्याला लागायलंय."

"मॅडम, पावसाळ्यात सगळीकडंच हिरवं दिसतं," तो हसून म्हणाला.

उन्हाळ्यात बघितलं तर पडीक, आणि पावसाळ्यात बघितलं तर डोळ्यांचा भास! असल्या माणसाला मी पहिलीतून दुसरीत घातलं नसतं.

सरपंच माणूस वाईट नाही, पण कागद दिसला की त्यांचं अवसान जातं. ते माझ्याकडं वळले. "बाई, आमी तरी काय करावं? येवढ्या शिकलेल्या मानसाचं लिवनं हाय. आन् मेलेल्या मानसाला आता खोटं कसं पाडावं? तुमचाच भाऊ हाय. तुमीच सांगा."

मी मंडपभर नजर फिरवली. ज्यांच्या घरी जनावरं आहेत ते सगळे खाली बघत होते. शेवंता माझ्याकडं बघत होती. आत्ताच ज्याच्यासाठी टोप्या काढल्या त्याच्याविरुद्ध कोण हात वर करणार? मी बोलले असते तर म्हणाले असते, भावाचं सुतक फिटतंय तोवर बहीण त्याची अब्रू काढायलीय. बाळू, त्या क्षणी मला स्पष्ट कळलं, या गावात तुला खोटं पाडू शकेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे तू.

मी उठले.

"बाळू जायच्या आधी माज्याकडं आला व्हता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मी त्याला माळावर नेलं. त्यानं खाली बसून गवताला हात लावला. म्हनला, आक्का, माजं चुकलं. उनाळ्यात बगून लिवलं मी. हे पडीक न्हाई. कागद मागं घेतो म्हनला, उद्याच लिवतो म्हनला. तेवढा उद्या त्याला गावला न्हाई."

मग पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळ्यांना उपरणं लावलं. "डाक्टर शेवटाला गावचाच निगाला," तो म्हणाला. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, लय मोठ्या मनाचा मानूस, येवढा शिकूनबी चूक कबूल केली, असा मानूस व्हनं न्हाई. कंपनीचा माणूस म्हणाला, तसं लेखी आहे का? तर सरपंचांना एकदम कंठ फुटला. "मरताना मानूस बहिनीपाशी बोलतो, तुमच्या कंपनीत टाइप करून देत न्हाई." हात वर झाले. गायरान द्यायचं नाही. तिन्ही वाटे चराईला राहतील आणि बंदीचा चुना आता ग्रामपंचायत लावील.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण कुणाच्या तरी अंगात उत्साह आला आणि त्यानं सुचवलं, गायरानाला डॉक्टरसाहेबांचं नाव द्यायचं. टाळ्या पडल्या. तू ज्याला पडीक म्हणालास त्या माळाच्या तोंडाशी आता तुझ्या नावाची पाटी उभी राहणार, आणि जाता-येता ती वाचून मी आयुष्यभर दात-ओठ खाणार. ठरावाला अनुमोदन कुणाचं हवं, असं विचारलं तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दिलं.

दुपारी सुनंदा माझ्याकडं आली. ओट्यावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कधी आले होते ते?"

मी सुपातल्या ज्वारीतून मान वर केली नाही. "सोमवारी."

"सोमवारी मी बँकेत होते. मला बोलले नाहीत." तिनं बोटावरचा पदर सोडला. "अंगात काय होतं त्यांच्या?"

"निळा शर्ट."

तुझे निम्मे शर्ट निळेच, मी काय चुकणार होते? पण तिनं तोंड ओंजळीत धरलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं आक्का. तुम्ही आणलेला तो कागद रोज बाहेर काढायचे. वाचायचे आणि पुन्हा खणात ठेवायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही, आक्काचं शुद्धलेखन बघतोय. मला वाटलं, तसेच मनात ठेवून गेले. येऊन गेले तुमच्याकडं, सुटले."

त्या कागदावर सही आहे का, हे मी तिला विचारलं नाही. नसणार. असती तर तू तो खणात ठेवला नसतास. तुझ्या भित्रेपणाची मला लहानपणापासून पुरती ओळख आहे, बाळू. पण रोज काढून वाचायचास, हे मला माहीत नव्हतं. ते ऐकल्यापासून तुला नीट शिव्याही देता येईनात.

शाळेतल्या एवढ्या वर्षांत मी एकाही पोराला पेपर लिहून दिला नाही. तुझा दिला. तू बोलला नाहीस ते तुझ्या तोंडी घातलं, महादेवासमोर, सगळ्या गावादेखत, आणि गाव आता तुला मोठा माणूस म्हणतंय. शेवंताच्या शेळ्या माळावर आहेत. सुनंदा शांत आहे. खोटं तेवढं माझ्या वाट्याला आलंय, आणि ते मी सांभाळीन, त्याची काळजी करू नकोस. तुझ्याकडून एकच पाहिजे. तिकडं तुला कुणी विचारलं, तू खरंच बहिणीकडं गेला होतास का, चुकलो म्हणाला होतास का, तर पुन्हा नावाचा प्रश्न काढू नकोस. हो म्हण.